बोलकी फळी

तंबोऱ्याची तार नुसतीच दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर तिचा आवाज समोर बसलेल्या माणसालाही जेमतेम ऐकू येईल. तार इतकी बारीक असते की ती हवेला कापत जाते. हवा ढकलायला लागणारी रुंदी तिच्यापाशी नसते. म्हणून तारेचं कंपन घोडीतून तबलीत उतरवलेलं असतं. तबलीचं रुंद, पातळ लाकूड थरथरतं आणि खोली भरते ती त्या लाकडाच्या आवाजानं. सतार, गिटार, व्हायोलिन, पियानो या सगळ्यांत हेच घडतं. छेडायचं एकाला, बोलायचं दुसऱ्यानं.

आता तार आणि घोडी बाजूला ठेवू. त्यांच्या जागी, गाण्याच्या विद्युतसंदेशाबरहुकूम थरथरणारं, मुठीत मावेल एवढं एक उपकरण पातळ फळीला चिकटवू. फळी बोलू लागते. बातम्या, ख्याल, लावणी, नाटकातले संवाद, जे द्याल ते ती ऐकवते. या उपकरणाला एक्सायटर म्हणतात. त्याच्या जोरावर फोमबोर्ड, प्लाय किंवा थर्माकोल यांचा स्पीकर घरच्या घरी करता येतो. खोकं लागत नाही, सुतारकाम नावापुरतंच. लागतं ते एवढंच की फळी कशी थरथरते हे समजून घेण्याची तयारी. ती असेल, तर हा घरगुती उद्योग ध्वनिशास्त्राची फार सुंदर शाळा ठरतो.

कोन आणि खोकं

नेहमीच्या स्पीकरचा नमुना बराच जुना आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये तो शोधनिबंधातून मांडला आणि आजही बहुतेक स्पीकर त्याच वाटेनं जातात. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदी कोन. वेटोळ्यातून प्रवाह वाहिला की ते पुढे-मागे सरकतं, कोन त्याच्यासोबत सरकतो आणि हवा ढकलतो.

या रचनेत कोनानं सबंध, एकसंध हलावं अशी अपेक्षा असते. कोन मध्येच वाकला, त्याचा एक भाग पुढे आणि दुसरा मागे जाऊ लागला, की तो दोष मानतात. कोनाच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खोडून काढतो, म्हणून मागे खोकं हवं. खोकं स्वतः बोलू नये म्हणून ते जाड आणि जड हवं. शिवाय आवाजाची लहर कोनाच्या रुंदीपेक्षा आखूड होऊ लागली की आवाज समोर एकवटतो. १७०० हर्ट्झच्या स्वराची हवेतली लहर सुमारे २० सेंटिमीटर लांबीची असते. तेव्हा आठ इंची कोन त्या पट्टीच्या वर गेला की बाजूला बसलेल्याला वरचे स्वर कमी पोचतात. मग त्यांच्यासाठी छोटा ट्वीटर आणि दोघांत वाटणी करणारा क्रॉसओव्हर असा संसार वाढत जातो.

सपाट फळीचा स्पीकर नेमका उलटा विचार करतो. तिथे फळीनं वाकावं, सगळीकडून वाकावं, शक्य तितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी वाकावं अशीच इच्छा असते.

फळी थरथरते कशी

फळीला एका जागी ठोका दिला की तिथून वाकण्याच्या लहरी चहूकडे पसरतात, कडेला आपटतात आणि परततात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरींचा ठरावीक वारंवारतांना मेळ जमतो. त्या वेळी फळीचे काही पट्टे जोरानं हलतात आणि त्यांच्या मधल्या काही रेषा जागच्या जागी राहतात. या स्थिर रेषांना निस्पंद रेषा म्हणतात आणि प्रत्येक वारंवारतेच्या अशा ठरीव नक्षीला कंपनप्रकार.

या लहरींचा एक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. हवेत खर्जाचा स्वर आणि तार सप्तकातला स्वर एकाच वेगानं जातात, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. फळीत तसं नसतं. तिथे वारंवारता चौपट झाली की वाकण्याच्या लहरीचा वेग दुप्पट होतो. एकाच ठोक्यातले उंच स्वर आधी कडेला पोचतात, खालचे मागून. त्यामुळे फळीच्या वेगवेगळ्या भागांची हालचाल एकमेकींशी फारशी बांधलेली राहत नाही. हीच विस्कळीत हालचाल पुढे फायद्याची ठरते, कारण तिच्यातून निघणारा आवाज एका दिशेला न एकवटता खोलीभर पसरतो.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञानं धातूच्या पत्र्यावर वाळू भुरभुरली, पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला आणि वाळू निस्पंद रेषांवर गोळा होऊन उमटलेल्या आकृत्या १७८७ मध्ये पुस्तकरूपानं छापल्या. पुढे त्यानं नेपोलियनला हा प्रयोग दाखवला आणि या आकृत्यांचं गणित मांडणाऱ्याला पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं पारितोषिक जाहीर केलं. ते १८१६ मध्ये सोफी जेर्मेन हिला मिळालं. त्या काळी स्त्रियांना विद्यापीठाची दारं बंद होती, आणि तरीही पत्रे आणि फळ्या कशा थरथरतात याच्या सिद्धांताचा पाया रचणाऱ्यांत तिचं नाव आहे.

आपल्याकडे गजाची गरज नाही. फळीच्या खालच्या बाजूला एक्सायटर चिकटवा, चारही कोपऱ्यांखाली स्पंजचे तुकडे ठेवून फळी आडवी उचलून धरा आणि वर थोडी भरड रांगोळी भुरभुरवा. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप उघडून ८० हर्ट्झपासून सावकाश वर चला. बराच वेळ रांगोळी नुसती थरथरते. मग एखाद्या आकड्याला ती एकदम धावत सुटते आणि दोन-तीन सेकंदांत स्वच्छ रेषा उमटते. अजून थोडं वर गेलात की ती रेषा मोडते, दाणे उसळतात आणि नवी, जास्त गुंतागुंतीची नक्षी जमते. रवा किंवा मीठही चालेल, टाल्कम पावडर मात्र नको. फार बारीक पूड उलटी वागते आणि हलत्या भागांवर गोळा होते. फळीलगतच्या हवेत तयार होणारे प्रवाह ती पूड तिकडे ओढून नेतात, हे मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलं.

जसजसं वर जावं तसतशा या नक्ष्या दाटीवाटीनं येतात असं वाटतं. गणित जरा वेगळं सांगतं. सपाट फळीत कंपनप्रकार वारंवारतेच्या पट्टीवर सरासरी सारख्याच अंतरानं येतात. तीन मिलिमीटर जाडीच्या, पाव चौरस मीटर प्लायसाठी ढोबळ हिशोब केला तर हे अंतर सुमारे २५ हर्ट्झ निघतं. आता कानाचा हिशोब धरा. कान सप्तकानं मोजतो आणि प्रत्येक सप्तकात वारंवारता दुप्पट होते. म्हणजे ५० ते १०० हर्ट्झच्या सप्तकात जेमतेम दोन कंपनप्रकार आणि १००० ते २००० च्या सप्तकात चाळीस. वरच्या सप्तकांत ते इतके जवळजवळ येतात की एकमेकांत मिसळून जातात आणि कानाला सलग आवाज ऐकू येतो. खालच्या सप्तकात मात्र मधल्या मोकळ्या जागा उघड्या पडतात. एखादा स्वर उसळी मारतो, शेजारचा दबतो. सपाट स्पीकरचे बहुतेक गुणदोष या एका हिशोबातून समजतात.

वाद्य आणि स्पीकर यांतला फरकही इथेच आहे. तबल्याच्या पुडीवर शाई असते, कारण तिच्याशिवाय पुडीचे कंपनप्रकार बेसूर विखुरलेले असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० पासून भारतीय तालवाद्यांचा अभ्यास करून दाखवलं की शाईच्या वजनामुळे पहिले नऊ कंपनप्रकार पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात. म्हणून तबल्याला सूर असतो. तबल्याला स्वतःचा सूर हवाच. स्पीकरला स्वतःचा सूर अजिबात नको, कारण त्याला दुसऱ्याचा सूर ऐकवायचा असतो. म्हणून तबल्यात कंपनप्रकार एकत्र आणायचे आणि फळीत ते होतील तितके समान पसरायचे. फळीचा आकार, एक्सायटरची जागा, कडा कशा धरायच्या, हे सगळे निर्णय या एका गोष्टीसाठी घ्यायचे असतात.

विमानाच्या भिंतीतून दिवाणखान्यात

पसरट स्पीकर ही कल्पना नवी नाही. यामाहानं १९६० च्या दशकात पॉलिस्टायरिन फोमच्या पसरट पडद्याचे स्पीकर बाजारात आणले होते. पण फळीच्या अनेक कंपनप्रकारांचा जाणूनबुजून उपयोग करायचा, हा विचार ब्रिटनमध्ये पक्का झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेत केन हेरॉन हे शास्त्रज्ञ विमानांत वापरायच्या हलक्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या फळ्यांवर काम करत होते. हेतू होता आवाज कमी करण्याचा. दिसलं असं की हलकी आणि ताठ फळी आवाज उलट फार सहज बाहेर टाकते. शांतता हवी असणाऱ्यांना ही अडचण होती, स्पीकर करणाऱ्यांना देणगी. व्हेरिटी या ध्वनी-उद्योगातल्या समूहानं ही कल्पना उचलली, हेन्री अझीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं गणित आणि नियम बसवले आणि दशकाच्या उत्तरार्धात ती एनएक्सटी या नावानं जगापुढे आली. तंत्राचं नाव डिस्ट्रिब्यूटेड मोड लाउडस्पीकर, लघुरूप डीएमएल.

या तंत्राच्या मूळ पेटंटांची मुदत आता सरली आहे. सोनीनं २०१७ मध्ये ए-१ हा ओएलईडी दूरचित्रवाणी संच काढला, त्यात पडद्यामागे कंपन देणारी उपकरणं बसवून पडदाच बोलका केला. त्या संचातही खालच्या स्वरांसाठी मागच्या आधारात वेगळा वूफर ठेवला होता. ही तडजोड घरच्या फळीलाही करावी लागते, तिच्याकडे पुढे येतोच.

एक्सायटर आतून

एक्सायटर म्हणजे कोन काढून टाकलेला स्पीकर. आत चुंबक आहे, वेटोळं आहे, दोघांना जोडणारी लवचीक जाळी आहे. वेटोळ्याच्या तोंडाशी एक सपाट कडं आणि त्यावर दुहेरी चिकटपट्टी. कडं फळीला चिकटतं, चुंबक मागे मोकळा लटकतो. वेटोळं फळीला ढकलतं तेव्हा चुंबकालाही तेवढाच उलटा ढकल मिळतो, पण चुंबक जड असल्यामुळे जवळजवळ जागचा हलत नाही आणि फळी हलते. स्वर खाली जातो तसा चुंबकही डोलायला लागतो आणि फळीला मिळणारा जोर कमी होतो.

बाजारात वेटोळ्याच्या व्यासावरून माप सांगतात. सुरुवातीला २५ मिलिमीटरचा, ४ ओहमचा, १० ते २५ वॅट क्षमतेचा एक्सायटर उत्तम. मोठ्या व्यासाचे एक्सायटर जास्त वीज झेलतात, पण वरचे स्वर गमावतात. कड्याच्या आत अडकलेली फळीची चकती वरच्या वारंवारतांना वेगळीच थरथरू लागते, आणि कडं जितकं मोठं तितकं हे लवकर घडतं.

फळी कापण्याआधी एक्सायटर हातात धरून घरभर फिरा. चिकटपट्टीचा कागद न काढता तो नुसता दाबून धरा. लोखंडी कपाटाच्या दाराला लावलात तर गाण्यापेक्षा दाराचाच घणघणाट ऐकू येतो. काचेच्या खिडकीतून आवाज तीक्ष्ण येतो. ओट्याच्या जाड दगडाला लावलात तर काहीच नाही, कारण तेवढं वजन हलवणं त्याला झेपत नाही. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला लावला की एकदम मोठा, पण पोकळ आवाज. पाच मिनिटांच्या या फेरीत ताठपणा, वजन आणि कंपन जिरवण्याची ताकद या तिन्ही गोष्टी कानाला कळतात.

कशाची फळी

फळी हलकी हवी आणि ताठ हवी. वीस मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला २० किलो घनतेचा थर्माकोल चौरस मीटरला फक्त ४०० ग्रॅम भरतो. तीन मिलिमीटरची प्लाय घनता ६०० धरली तर १ किलो ८०० ग्रॅम. तेवढ्याच विजेवर थर्माकोल बराच मोठा वाजतो. प्लायचा आवाज लहान, पण त्याला लाकडाची ऊब असते आणि दिसायलाही फळी देखणी असते. अ‍ॅक्रिलिक आणि काच दिसतात छान, पण जड आहेत आणि कंपन जिरवत नाहीत. स्वर थांबला तरी त्यांचा किणकिणाट मागे रेंगाळतो.

महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेनं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, आणि ती योग्यच आहे. स्पीकरसाठी नवा थर्माकोल घ्यायची गरजही नाही. फ्रिज किंवा धुलाई यंत्राच्या खोक्यातून आलेला सपाट तुकडा घरात पडलेला असतो, तो वापरा. त्याचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा, फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी मिसळून दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि वाळू द्या. एकाच बाजूला लावलात तर फळी वाकते. वाळल्यावर पृष्ठभागावर कडक पापुद्रा तयार होतो. गाभा हलका आणि कातडी ताठ, ही तीच विमानाच्या फळीची रचना, घरगुती साहित्यात.

सुरुवातीला मात्र मी फोमबोर्ड सुचवीन. शाळेच्या प्रकल्पांसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो, दोन्ही बाजूंना कागद आणि मधे फोम असलेला, पाच मिलिमीटरचा. पीव्हीसीचा सनबोर्ड जड असतो, तो टाळा. फोमबोर्ड ए-२ मापात मिळाला तर कापायचंही काम उरत नाही. हे माप ५९४ गुणिले ४२० मिलिमीटरचं, म्हणजे बाजूंचं प्रमाण १.४१. डीएमएलच्या अभ्यासकांनी कंपनप्रकार नीट पसरण्यासाठी सुचवलेल्या प्रमाणांत १.१३ सोबत नेमकं हे १.४१ आहे. चौरस फळी घेऊ नये, कारण तिच्यात दोन्ही बाजूंचे कंपनप्रकार एकाच वारंवारतेवर येऊन पडतात आणि मधे भगदाडं राहतात.

माप बदलायचं असेल तर दोन नियम पुरतात. सलग पदार्थाची फळी दुप्पट जाड केली की प्रत्येक कंपनप्रकार दुप्पट वर जातो. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या की तो चौथाईवर येतो. भरीव खालचा आवाज हवा असेल तर जाडी न वाढवता फळी मोठी करा.

जोडणी

एक्सायटर फळीच्या मधोमध लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि ती सगळ्यांत वाईट जागा. मध्यातून निस्पंद रेषा जाणारे सगळे कंपनप्रकार तिथून उठतच नाहीत, आणि निस्पंद रेषेवर कितीही ढकला, फळी त्या तऱ्हेनं हलत नाही. एका बाजूनं ९ पैकी ४ भागांवर आणि दुसऱ्या बाजूनं ७ पैकी ३ भागांवर असलेली जागा बहुतेक खालच्या निस्पंद रेषा चुकवते. ए-२ फळीवर ती लांबीच्या बाजूनं २६४ मिलिमीटर आणि रुंदीच्या बाजूनं १८० मिलिमीटर येते. मध्याच्या जवळ, पण मध्य नाही. पेन्सिलनं फुली मारा, जागा कोरड्या फडक्यानं पुसा, एक्सायटर सरळ टेकवा आणि मिनिटभर दाबून धरा. चिकटपट्टी पूर्ण पकड घ्यायला काही तास घेते, तोवर वाजवू नका. एकदा चिकटलेला एक्सायटर उपटला की फोमबोर्डाचा कागद सोबत निघतो.

तारा हलक्या, अनेक पदरी घ्या. सोल्डर केल्यावर त्या फळीच्या कडेपर्यंत कागदी टेपनं जागोजाग चिकटवा, नाहीतर ठरावीक स्वराला तार फळीवर टकटकते आणि दोष एक्सायटरचा वाटतो. फळीचे कोपरे थोडे गोल करा, म्हणजे कडेवरून परतणाऱ्या लहरी एकदम एकाच वेळी येत नाहीत.

टांगण्यासाठी वरच्या कडेजवळ दोन भोकं पाडा आणि मासेमारीची तंगूस ओवा. फळी हवेत मोकळी लटकली पाहिजे. लाकडी चौकट करायची असेल तर चौकट आणि फळी यांच्यामध्ये दार-खिडक्यांना लावतात ती फोमची मऊ पट्टी ठेवा. जड एक्सायटर उभ्या फळीवर महिनोन्‌महिने लटकून खाली ओघळतो आणि वेटोळं चुंबकाला घासू लागतं. तसं वाटलं तर चौकटीला मागून एक आडवी पट्टी ठोकून चुंबकाला मऊ फोमचा टेकू द्या.

अ‍ॅम्प्लिफायर छोटा चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत क्लास-डी जातीचे तयार बोर्ड मिळतात. रोजच्या ऐकण्याला पाच-दहा वॅट पुरतात. बोर्ड ४ ओहमचा भार घेऊ शकतो याची खात्री करा. एका फळीला दोन एक्सायटर लावायचे तर ते ओळीनं जोडा, म्हणजे भार ८ ओहम होतो. समांतर जोडलेत तर तो २ ओहमवर येतो आणि बरेच बोर्ड तिथे मान टाकतात. या बोर्डांत डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या ऋण तारा एकमेकींना कधीही जोडू नयेत, बोर्ड जळतो.

एक संरक्षण मात्र हवंच. फार खालचे स्वर फळी ऐकवू शकत नाही, पण एक्सायटर ते ऐकवण्याचा जिवापाड प्रयत्न करतो, वेटोळं तळाशी आपटतं आणि तापतं. म्हणून १०० हर्ट्झच्या खालचा संदेश अडवा. ४ ओहमच्या एक्सायटरसोबत ओळीनं सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला तरी हे साधतं. संगणकावरून ऐकणाऱ्यांनी इक्वलायझरमध्ये खालची पट्टी कापावी.

पहिलं ऐकणं आणि नंतरचं काम

फळी भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे टांगा. ती पुढेही बोलते आणि मागेही, आणि मागचा आवाज भिंतीवरून परतून खोलीत मिसळायला त्याला जागा लागते. आवाज बारीक ठेवून आधी माणसाचं बोलणं ऐका. नाटकातला संवाद, आकाशवाणीवरचं निवेदन. बोलण्यातला खोटेपणा कान लगेच पकडतो. बोलणारा डब्यात बसल्यासारखा वाटला तर मधल्या स्वरांत एखादा कंपनप्रकार माजला आहे. टोन जनरेटर सावकाश फिरवा, कुठे फळी ओरडते तो आकडा लिहून ठेवा आणि त्या वेळी बोटाच्या टोकानं फळीला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करा. ज्या जागी स्पर्श करताच ओरड बसते, तिथे मळलेल्या एम-सीलची हरभऱ्याएवढी गोळी किंवा फोमचा छोटा तुकडा चिकटवा. पुष्कळदा कोपऱ्याजवळची एकच गोळी फळीचा स्वभाव बदलते. अशा छोट्या वजनांनी फळी साधणं हे डीएमएलच्या अभियंत्यांचंही जुनं तंत्र आहे.

उरलेलं काम इक्वलायझर करतो. आरईडब्ल्यू नावाची मोफत संगणकप्रणाली आणि साधा मोजणीचा मायक्रोफोन असेल तर खोलीतल्या आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो. आलेखात बारीक चढउतार भरपूर दिसतील, कंपनप्रकारांच्या या यंत्रात ते असणारच. ते इस्त्री केल्यासारखे सपाट करायच्या मागे लागू नका. रुंद टेकड्या खाली आणा, अरुंद खड्डे सोडून द्या. खड्डा भरायला ओतलेली वीज एक्सायटरला तापवते आणि कानाला फारसं काही देत नाही.

आणि खालचे स्वर? ते फळीकडून मागू नयेत. १०० ते १५० हर्ट्झच्या खाली कंपनप्रकार विरळ होतात, चुंबक डोलतो आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खोडतो. तीन कारणं एकाच ठिकाणी भेटली की हट्ट धरण्यात अर्थ नसतो. एक लहान सबवूफर कोपऱ्यात ठेवा, खालचं काम त्याला द्या आणि फळीला मोकळं करा. डग्ग्याची घुमारी, ढोलाचा ठोका त्यातून येईल, बाकी सगळं फळीतून.

फळी काय देते

चांगल्या कोनाच्या स्पीकरसारखी नेमकी चित्ररेखा सपाट फळी देत नाही. डोळे मिटून गायक डावीकडे किती इंचांवर उभा आहे हे दाखवायचं असेल तर कोनच बरा. ज्याला स्टुडिओत ध्वनिमुद्रण तपासायचं आहे त्यानं फळीवर विसंबू नये.

पण फळीकडे दुसरी श्रीमंती आहे. खोलीत कुठेही बसा, स्वयंपाकघरातून हात पुसत या, गाणं जवळपास तेच राहतं. आवाज एका बिंदूतून अंगावर येत नाही, खोलीभर सारखा पसरलेला असतो. चार माणसांच्या घरात एकाच खुर्चीवरून ऐकणारा कुणी नसतो. अशा घराला हा गुण फार उपयोगी आहे. शाळेच्या वर्गात, वाचनालयाच्या छोट्या सभागृहात, प्रदर्शनाच्या दालनात जिथे मोठा आवाज नको पण सगळ्यांना सारखं ऐकू यायला हवं, तिथेही फळी अगदी चपखल बसते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावं. एक्सायटर थेट भिंतीला चिकटवू नये. भिंत दोन्ही बाजूंना बोलते आणि पलीकडे शेजारी असतात.

माझ्या मते या उद्योगाचं खरं मोल वेगळं आहे. विकत आणलेला स्पीकर बिघडला तर फेकतो, चांगला वाजला तर विसरतो. तो आतून कसा चालतो याच्याशी आपला संबंध येत नाही. फळी मात्र सगळं उघड करते. दोन सेंटिमीटर पट्टी कापली की आवाज बदलतो, एक्सायटर तीन बोटं सरकवला की बदलतो, फेव्हिकॉलचा हात दिला की बदलतो. क्लाडनीची वाळू, जेर्मेनचं गणित, रामन यांचा तबल्याचा अभ्यास या पाठ्यपुस्तकातल्या गोष्टी बोटांच्या टोकाशी येतात. आठवी-नववीतल्या मुलांना अनुनाद शिकवायचा असेल तर याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

म्हणून सुरुवात लहान करा. एक एक्सायटर, एक ए-२ फोमबोर्ड, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. स्टीरिओची घाई नको. पहिली फळी आठवडाभर रोज ऐका, तिच्या खोड्या वहीत टिपून ठेवा आणि त्यांतली कुठली कशामुळे आहे हे ओळखता येऊ लागलं की मगच दुसरी फळी कापायला घ्या. ती पहिलीपेक्षा चांगली वाजेल, आणि का चांगली वाजते तेही तुम्हाला सांगता येईल.